मुगाला सूर शिकवताना

"देवाने मला नाकाऐवजी सोंड दिली असती तरी चाललं असतं. पण त्या पट्ट्या नाकात पुन्हा भरून घ्यायच्या नाहीत मला," हेमांगीबाई म्हणाल्या.

डॉक्टर नाझनीन मुजावर हसली. शेजारच्या खुर्चीवर बसलेले श्रीपादराव मात्र हसले नाहीत. त्यांना त्या पट्ट्या आठवत होत्या.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा नाकात वाढलेले मांसाचे कोंब काढायला हेमांगीबाईंचं पहिलं ऑपरेशन झालं होतं. रक्त थांबावं म्हणून नाकात लांबच लांब जाळीदार पट्टी घड्या घालून कोंबलेली होती. ती ओढून काढली तेव्हा श्रीपादराव दाराबाहेर उभे होते. आतून जो आवाज आला, तो आपल्या बायकोचा आहे हे त्यांना आधी ओळखूच आलं नव्हतं. पुढे काही वर्षांनी नाकात पुन्हा कोंब वाढले. वास गेला, मग झोप गेली, तोंडाने श्वास घेऊन घेऊन घसा कोरडा पडायला लागला. तरी बाई दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत.

चढल्या त्या एका पाळण्यामुळे. मिरजेजवळ कृष्णाकाठी एक छोटं दत्तमंदिर आहे. तिथे दरवर्षी दत्तजयंतीच्या कीर्तनाला हेमांगीबाई कवठेकर उभ्या राहायच्या आणि पेटीवर श्रीपादराव साथ करायचे. गेल्या वर्षी मावळतीला देवाचा जन्म झाला, बाईंनी पाळणा घेतला आणि दुसऱ्याच कडव्याला त्यांचा श्वास संपला. श्रोत्यांनी तो उचलला, गोड गळ्याने पुरा केला, पाळण्याची दोरीही हलत राहिली. कोणी एका शब्दाने बोललं नाही. पण घरी आल्यावर बाईंनी झांजा फडक्यात गुंडाळल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दुसरं कोणी बघा म्हणावं."

त्या झांजा अजून फडक्यातच होत्या.

"काकू, पट्ट्यांचे दिवस गेले," नाझनीन म्हणाली. तिची आजी त्या देवळासमोरच राहायची. लहानपणी कठड्यावर बसून तिने बाईंची कितीतरी आख्यानं ऐकली होती, त्यामुळे दवाखान्यातही तिच्या तोंडून 'पेशंट' असा शब्द काही निघत नव्हता. तिने चिमट्याच्या टोकावर धरलेला एक हिरवट दाणा पुढे केला. "कागदावर याचं नाव एवढं लांब आहे, की वाचून होईपर्यंत भूल उतरेल. आमच्या सिस्टर याला मूग म्हणतात."

"आणि हा करतो काय?" श्रीपादरावांनी विचारलं.

"ऐकतो."

तिने समजावून सांगितलं ते असं. नाकाच्या मागे, टाळूच्या वरच्या अंगाला मज्जातंतूंची एक बारीक गाठ असते. नाकातल्या, गालातल्या, टाळूतल्या कितीतरी तारा त्या गाठीतून मेंदूकडे जातात. आजवरची औषधं एक तर ही सगळी जागा सरसकट बधिर करत, नाहीतर मेंदूलाच गुंगी आणत. मग मळमळ, चक्कर, दिवसभराचा जडपणा. मूग त्या गाठीला टेकून बसतो. स्पर्शाची स्पंदनं निराळी, गारव्याची निराळी, शिंकेची निराळी. ऑपरेशनच्या आधीचे काही दिवस तो नुसती ही स्पंदनं ऐकतो आणि त्या माणसाचं नेहमीचं जगणं शिकून घेतो. मग जे ओळखीचं ते पुढे जाऊ देतो, आणि जे अनोळखी येईल त्याला तिथल्या तिथे शांत करतो. काम झालं की काही महिन्यांनी आपोआप विरघळून जातो.

"आणि तो कामाला लागतो कात्री लागायच्या आधी. नंतर नाही," नाझनीन म्हणाली. "दारावर कोणी एकदा जोरात धडका मारून गेलं, की पुढे वाऱ्याने कडी वाजली तरी आपण दचकतो ना? मेंदूचं तसंच आहे. दुखणं एकदा आत शिरलं की तो हळवा होऊन बसतो, मग साधा हात लागला तरी दुखतं. म्हणून पहिली धडकच बसू द्यायची नाही."

बाई त्या दाण्याकडे बघत राहिल्या. "एवढासा जीव, आणि दाराशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळखतो," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचे हात नकळत जोडले गेले होते.

"मूग बसवला की मात्र नेहमीसारखं राहायचं. जेवा, बोला, हसा, भांडा."

"भांडण तो पहिल्याच दिवशी शिकेल," श्रीपादराव म्हणाले.

"बघितलंस नाझनीन? हे असं. आणि लोक मला म्हणतात, साथीदार काय गुणी मिळालाय!"

* * *

मूग बसला, त्या संध्याकाळपासून बाईंनी मौन धरलं.

मोठ्या कीर्तनाआधी मौन हा त्यांचा जुना नेम होता. गळाही विसावतो आणि मनही, असं त्यांच्या गुरूंनी शिकवलेलं. आता तर ऑपरेशन. याहून मोठं कीर्तन कोणतं? त्यांनी देवापुढे निरांजन लावलं, ओठांवर बोट ठेवून श्रीपादरावांना खूण केली आणि जपाची माळ घेतली. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत घरात शब्द तो फक्त श्रीपादरावांचा. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझं बोलणं पुरं होतंय," ते शेजाऱ्यांना सांगत होते. बाई डोळे वटारत आणि माळ ओढत.

डॉक्टरांना हे सांगावं असं दोघांच्याही मनात आलं नाही. नाझनीनने 'बोला, हसा' म्हटलं ते त्यांना पथ्य वाटलंच नव्हतं, आणि मौन ही काय दवाखान्यात सांगायची गोष्ट आहे? दवाखान्यातल्या यंत्राने मुगाचं शिकणं पुरं झाल्याची हिरवी खूण दाखवली आणि सगळे निर्धास्त झाले.

ऑपरेशनच्या टेबलावर बाईंनी डोळे मिटले ते नाम घेत. उघडले तेव्हा नाझनीन समोर उभी होती.

"सुरू कधी करणार?" बाईंनी विचारलं.

"झालं, काकू. कोंब काढले, नाकातला वाकडा पडदाही सरळ केला."

बाईंनी हात उचलून नाकापाशी नेला. वर्षानुवर्षं ज्या दुखण्याला त्या भीत आल्या होत्या, त्याची वाट बघत त्या थोडा वेळ तशाच पडून राहिल्या. ते आलं नाही. नाकात ओल होती, हलका दाब होता, जखम आहे हे कळत होतं. दुखणं मात्र नव्हतं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दाराबाहेरच्या माणसाला आज काहीच ऐकू आलं नव्हतं, म्हणून तो घाबरून आत डोकावला. त्याला बघून त्या आणखीनच रडल्या.

उशा उंच ठेवून झोपणं, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, हे सगळं नेहमीचं पथ्य होतंच. चार दिवसांनी एका सकाळी बाईंनी मान वळवून हवा हुंगली.

"अहो, तुम्ही हे कसलं तेल लावता डोक्याला?"

"बारा वर्षं झाली हेच लावतोय."

"फेकून द्या आधी."

श्रीपादरावांनी बाटली खरोखरच फेकून दिली, आणि आनंदाने सगळ्या गल्लीला सांगितलं.

वास परत आला होता! दारचा प्राजक्त, भिजलेली माती, तुपाची फोडणी. बाई घरभर लहान मुलीसारख्या हुंगत फिरत होत्या आणि जे हाताला लागेल त्याला नमस्कार करत होत्या. फक्त एकदा आरती झाल्यावर त्या कापराच्या तबकापाशी थबकल्या. "वास आला," त्या म्हणाल्या, "पण तो गारवा कुठे गेला? कापूर कसा नाकात झोंबतो, तसा झोंबला नाही." होईल हळूहळू, असं श्रीपादराव म्हणाले आणि तो विषय तिथेच राहिला.

* * *

गायला परवानगी मिळाली, त्या दिवशी बाईंनी फडकं सोडून झांजा बाहेर काढल्या. श्रीपादरावांनी पेटीवर काळी चारचा षड्ज धरला. बाईंनी सूर लावला. श्वास भरभरून येत होता, कुठे अडत नव्हता. तरी त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाज ऐकू येत होता, पण शेजारच्या घरातून यावा तसा.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, पेटी एवढी का ओरडते?"

"भाता नवीन बसवून घेतलाय ना. जोर जास्त आहे त्याचा."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. ते पेटीकडे बघत होते. बाईंनी पद सुरू केलं, मध्यावर आल्या, आणि गाता गाताच वाकून भात्यावर हात दाबला.

पेटी थांबली. खोलीत फक्त बाईंचा आवाज उरला. सूर खाली घसरला होता. फार नाही, पण ज्याने आयुष्यभर सूर धरलाय त्याला लाज वाटावी इतका.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तुम्ही माझा आवाज पेटीखाली झाकत होतात."

"मग काय करू?" श्रीपादराव म्हणाले. "तुला दुखत नाहीये, तू रात्रभर झोपतेस, सकाळी तेलाला नावं ठेवतेस. इतकी खूश मी तुला कित्येक वर्षांत बघितली नव्हती. सूर काय, मी धरेन की."

"आणि देवासमोर? तिथेही तुम्हीच धरणार?"

श्रीपादरावांनी पेटीचं झाकण लावलं.

* * *

नाझनीनने पडद्यावर मुगाच्या नोंदी उलगडल्या, पुन्हा पुन्हा बघितल्या आणि गोंधळून विचारलं, "काकू, मूग बसवल्यानंतर त्या दिवसांत तुम्ही काय काय गात होतात?"

"गात? मौन होतं माझं."

नाझनीनने पडद्यावरून मान वळवली. "म्हणजे एक शब्दही नाही?"

"मौन म्हणजे मौनच की गं."

नाझनीन अगदी हळू बोलली. "आपण गातो तेव्हा नुसते कान ऐकत नाहीत. नाकाचं हाड थरथरतं, गाल थरथरतात. त्या तारा याच गाठीतून मेंदूकडे जातात आणि सूर कुठे आहे ते सांगतात. गाणारी माणसं त्या थरथरीवर सूर तोलतात. आपला मूग तुमच्या मौनात शिकला, काकू. जी कधी गात नाही अशी एक बाई त्याने शिकून घेतली. आता तुम्ही गाता तेव्हा तो म्हणतो, हे कोण अनोळखी? आणि दार लावून घेतो. कापराचंही तेच. तेव्हा कोंबांनी नाक बंद होतं, गारवा त्याने कधी बघितलाच नाही. वासाची तार तेवढी या गाठीतून जात नाही, म्हणून ती सुटली."

बाई आ वासून ऐकत होत्या. चूक समोर होती, तरी त्यांना राग आला नाही. नवलच वाटत होतं. "म्हणजे इतकी वर्षं मी गात होते ते नाकाच्या हाडाने तोलून? आणि मला पत्ताच नाही?"

"चूक माझीही आहे," नाझनीन म्हणाली. "नेहमीसारखं राहा म्हटलं, पण कीर्तनकाराचं नेहमीचं काय ते विचारलं नाही. आता दोन वाटा आहेत. एक, काहीच करायचं नाही. उन्हाळ्यापर्यंत मूग विरघळेल. पण तोवर तुमचा मेंदू ती थरथर शोधणंच सोडून देईल की काय, ते मी सांगू शकत नाही. गाणाऱ्या माणसावर हे कोणी बघितलेलंच नाही. दुसरी वाट, आत्ता दार उघडायचं आणि त्याला नव्याने शिकवायचं."

"मग उघड की!"

"दार उघडलं की सगळंच आत येतं, काकू. पाय बधिर होऊन जागा होताना कसा मुंग्यांनी पेटतो? गप्प ठेवलेल्या तारा तशाच ओरडतात. जखम भरलीय, इजा काही होणार नाही, पण दुखेल. फार दुखेल. गोळीही देता येणार नाही, कारण मग तारा खरं बोलणार नाहीत. आणि त्या दुखण्यात तुम्हाला सूर लावून तो धरून ठेवावा लागेल. मध्येच सुटला, तर सूर आणि दुखणं ही एकच गोष्ट आहे असं मूग समजेल. मग दोन्हींना मिळून एकच कुलूप."

श्रीपादराव उठून उभे राहिले. "नको. नाझनीन, बाळ, नको. मी ते एकदा दाराबाहेरून ऐकलंय. मला पुन्हा ऐकायचं नाही."

"मग यावेळी आत बसा," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. "घरून पेटी घेऊन या. फक्त एकच करायचं. षड्ज द्यायचा आणि हात काढून घ्यायचा. मी चुकले तर चुकू द्यायचं. झाकायचं नाही."

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या खोलीत टेबलं सरकवून पेटी मांडली गेली. नाझनीनने पडद्यावर दोन रेषा आणल्या, एक दुखण्याची, एक सुराची. बाईंनी डोळे मिटून गुरूंचं स्मरण केलं आणि मान हलवली.

पेटीने षड्ज दिला. श्रीपादरावांनी हात काढून मांडीवर ठेवला.

नाझनीनने दार उघडलं.

आधी गारवा आला. मग कपाळाच्या मुळापासून काहीतरी पेटत खाली उतरलं. नाक, गाल, वरचे दात, सगळीकडे एकदम. बाईंचा श्वास अडला. ती जुनी खोली, ती पट्टी, सगळं त्या जाळात उभं राहिलं. हात खुर्चीच्या कडेवर आवळले गेले. पडद्यावर दोन्ही रेषा एकीत एक गुंतून वेड्यासारख्या उसळत होत्या. सूर लागलेलाच नव्हता.

श्रीपादरावांचा हात भात्याकडे गेला. बाईंनी डोळे न उघडताच मान हलवली. तो हात परत मांडीवर आला.

बाईंनी सूर लावला.

तो कापत आला, फाटका आला. पण आला, आणि बाईंना चेहऱ्याच्या आत कुठेतरी, अगदी जाळाच्या मधोमध, एक बारीक थरथर जाणवली. ती ओळखीची होती. गुरूंसमोर पहिला षड्ज लावला तेव्हा हीच होती, पहिल्या कीर्तनात हीच होती. आयुष्यभर सोबत करूनही जिने कधी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं, ती. आज दुखण्याच्या झगझगाटात ती त्यांना पहिल्यांदाच स्पष्ट दिसली. दुखतंय हे त्या विसरल्या नाहीत, विसरणं शक्यच नव्हतं. पण त्यांनी दुखण्याला तिथेच बसू दिलं, गाभाऱ्यात शिरलेल्या गर्दीला बसू द्यावं तसं, आणि नजर मूर्तीवर ठेवली. श्वास संपत आला की नवा घ्यायच्या, पुन्हा षड्ज. गालांवरून पाणी ओघळत होतं. सूर सुटला नाही.

"काका," नाझनीन पुटपुटली, "बघा."

पडद्यावरच्या गुंत्यातून एक रेषा हळूहळू वेगळी होत होती. हरिपूरच्या संगमावर पावसाळ्यात वारणेचं पाणी आणि कृष्णेचं पाणी एका पात्रात रंगाने वेगवेगळं वाहताना दिसतं, तशा त्या दोन रेषा शेजारी शेजारी वाहू लागल्या. एक दातेरी, उसळणारी. दुसरी गोल, संथ, न तुटणारी. मुगाला कळलं होतं. दातेरी रेषा बसत गेली, बसत गेली आणि जवळजवळ सपाट झाली. गोल रेषा तशीच राहिली.

खोलीत भरलेला षड्ज आता एकटा उभा होता. बाईंनी डोळे उघडले तेव्हा नाझनीनने डोक्यावर ओढणी घेतली होती आणि ती पडद्याकडे नाही, बाईंकडे बघत होती.

"अजून किंचित दुखतंय ते पूर्ण बंद करू?" तिने विचारलं.

बाईंनी बोटाने नाकाचं हाड चाचपलं. "राहू दे तेवढं. दार उघडं आहे हे कळत राहील."

* * *

दत्तजयंतीला घाट माणसांनी भरून गेला. विजेवर चालणाऱ्या नावा पलीकडच्या तीराहून आवाज न करता माणसं आणून सोडत होत्या. कठड्यावर आपल्या लहानपणीच्या जागी नाझनीन बसली होती. बाई नारदाच्या गादीवर उभ्या राहिल्या, नमन झालं, पूर्वरंगाचं निरूपण झालं. दाराशी उभा राहून ऐकणाऱ्या एका मुगाची गोष्ट त्यांनी अशी सांगितली की श्रोते पोट धरून हसले आणि हसता हसता गप्प झाले. मग नामाचा गजर सुरू झाला. बाईंनी सूर चढवला, श्रोत्यांनी उचलला, नदीवर तो पसरत गेला.

गजर थांबला आणि मध्यंतर झालं. गादीवरच्या कीर्तनकाराच्या पाया पडायला त्या वेळी सगळेच येतात, थोरामोठ्यांसकट. श्रीपादराव पेटीवरून उठले. त्यांनी बाईंना हार घातला, कपाळाला बुक्का लावला. किती वर्षांनी बाईंना त्या बुक्क्याचा वास आला! मागून कोणीतरी कापूर पेटवला, आणि तो नाकात असा झोंबला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

श्रीपादराव नमस्काराला वाकले. बाई हळूच, फक्त त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, उत्तररंगात पेटी जरा बेताने. आत्ता गजरात केवढी मोठी लावली होतीत! सगळं डोकं नुसतं सुराने भरून गेलं होतं माझं."

श्रीपादराव वाकलेलेच राहिले. मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"गजर सुरू झाला आणि मी ऐकतच राहिलो," ते म्हणाले. "भात्याला हातच लावला नाही."

बाई थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नाकाच्या हाडाला बोट लावलं. ते अजून थरथरत होतं. घाटावर दिवे लागत होते, सूर्य नदीला टेकला होता, जन्माची वेळ होत आली होती. बाईंनी झांजा उचलल्या, श्रोत्यांकडे तोंड केलं आणि पाळण्याचा षड्ज लावला.